गोव्यातील पिकअप वाहनांची वातानुकूलन यंत्रणा : अपुऱ्या व अनियमित थंडाव्याची कारणमीमांसा
(पेडणे व डिचोली तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

पिकअप हे छोट्या मालवाहतूकदाराचे उपजीविकेचे साधन आहे. बेळगावहून चोर्ला घाटमार्गे येणारी भाजी, किनाऱ्यावरील मासळी, बांधकामाचे सामान, हॉटेलांना लागणारा किराणा अशी कितीतरी वाहतूक या वाहनावर चालते. चालक दिवसातील आठ-दहा तास केबिनमध्ये बसून असतो. त्यामुळे केबिनमधील वातानुकूलन, म्हणजे रूढ भाषेत 'एसी', हा आता केवळ चैनीचा भाग राहिलेला नाही. केंद्र शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढून साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या नव्या ट्रकांना २०२५ पासून वातानुकूलित केबिन बंधनकारक केले. साडेतीन टनांपर्यंतची पिकअप वाहने मात्र या नियमाबाहेर राहिली. तिथे एसी बसवणे व तो चालू स्थितीत ठेवणे हे मालकाच्या ऐपतीवर व मेकॅनिकच्या समजेवर अवलंबून आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ मध्ये सामुदायिक महाविद्यालयांची योजना सुरू केली. अशा महाविद्यालयांत कौशल्याधारित विषय शिकवणाऱ्या अध्यापकांपुढे एक अडचण नेहमी असते. यंत्राचे भाग विद्यार्थ्यांना पाठ होतात, परंतु दोष शोधण्याची पद्धत अंगवळणी पडत नाही. पिकअपचा 'कमी थंड करणारा' किंवा 'कधी थंड, कधी गरम' असा एसी हे ती पद्धत शिकवण्यासाठी उत्तम उदाहरण ठरते. प्रस्तुत लेखात या दोषांची कारणे, ती ओळखण्याच्या खुणा आणि तपासणीचा क्रम यांची मांडणी केली आहे.

स्थानिक परिस्थिती

एकच वाहन वेगवेगळ्या प्रदेशात वेगवेगळ्या कारणांनी बिघडते. पेडणे तालुका चापोरा व तेरेखोल या नद्यांच्या मध्ये समुद्राला लागून आहे. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या गावांत वर्षभर खारा वारा असतो. एसीचा कंडेन्सर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ नळ्यांचा व पत्र्यांचा बनलेला असून तो वाहनाच्या अगदी पुढच्या बाजूस बसवलेला असतो. खाऱ्या हवेने त्यावर पांढरी भुकटी धरते, पत्रे झिजतात व कालांतराने नळीला सूक्ष्म छिद्रे पडतात. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाल्यावर या तालुक्यात मालवाहू गाड्यांचे काम वाढले. सामान उतरवून घेण्यासाठी इंजिन चालू ठेवून थांबण्याचे प्रसंगही त्याबरोबर आले.

डिचोली तालुक्याची गोष्ट वेगळी आहे. हा लोहखनिजाचा प्रदेश. येथील खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मध्यंतरी काही काळ चालल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर मार्च २०१८ पासून पुन्हा बंद झाल्या आणि २०२४ मध्ये डिचोली खाणपट्ट्यात उत्खनन परत सुरू झाले. खाण चालू असो वा नसो, जांभ्या मातीची तांबडी बारीक धूळ रस्त्यावर असतेच. ती कंडेन्सरच्या पत्र्यांमध्ये जाऊन बसते, दवाने व पावसाने ओली होते आणि उन्हात वाळून घट्ट होते. पेडण्यात कंडेन्सर गळतो, डिचोलीत तो गुदमरतो, असे थोडक्यात म्हणता येईल. अर्थात हा अंदाज आहे, निदान नव्हे. निदान तपासणीनेच होते.

दोन्ही तालुक्यांना समान असा तिसरा घटक म्हणजे दमट हवा. एसी हवा थंड करतो तसेच तिच्यातील बाष्पाचे पाणीही करतो, आणि या दुसऱ्या कामाला पुष्कळ शक्ती लागते. एक लिटर पाणी हवेतून वेगळे करताना जेवढी उष्णता काढून घ्यावी लागते, तेवढी काढून घेतल्यास सुमारे १०० घनमीटर कोरडी हवा २० अंशांनी थंड होऊ शकते. म्हणून कोरड्या प्रदेशात ठीक वाटणारा एसी गोव्यात दुबळा वाटू शकतो. वाहनाखाली पाणी ठिबकणे ही या कामाची खूण आहे, बिघाडाची नव्हे.

थंडाव्याचे चक्र

एसी 'थंडी' निर्माण करत नाही, तो केबिनमधील उष्णता उचलून बाहेर टाकतो. हे एक वाक्य विद्यार्थ्यांना नीट समजले तर पुढील बराचसा भाग सोपा होतो. या कामासाठी आज बहुतेक वाहनांत आर-१३४ए हा शीतक वापरतात. ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जुना आर-१२ मागे पडला व त्याची जागा याने घेतली. वातावरणाच्या दाबाखाली हा शीतक उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो.

कॉम्प्रेसर शीतकाची वाफ दाबतो, तेव्हा ती तापते. कंडेन्सरमध्ये बाहेरच्या हवेला उष्णता देऊन तिचा द्रव होतो. ड्रायर त्यातील ओलावा व कचरा धरून ठेवतो. एक्स्पान्शन वाल्व्हच्या अरुंद छिद्रातून पुढे जाताना द्रवाचा दाब एकदम उतरतो. कमी दाबाचा हा थंड शीतक डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये उकळतो व केबिनच्या हवेतील उष्णता शोषतो. ब्लोअर ती हवा आत सोडतो, आणि वाफ पुन्हा कॉम्प्रेसरकडे जाते. या साखळीतील एक दुवा ढिला झाला तरी थंडावा कमी होतो. बाहेरून तक्रार एकच ऐकू येते, कारणे मात्र अनेक असतात.

'गॅस संपला' : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

'एसी थंड करत नाही' असे म्हणताच 'गॅस संपला असेल, भरून घ्या' हे उत्तर सर्वत्र मिळते. या शब्दप्रयोगात एक मोठी चूक दडलेली आहे. डिझेल संपते, कारण ते जळते. शीतक जळत नाही, झिजत नाही, खर्चही होत नाही. तो बंद चक्रात तसाच फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेला असला पाहिजे. म्हणजे 'गॅस संपला' याऐवजी 'गॅस गळला' हे क्रियापद वापरले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : कुठून गळला? भाषा अचूक झाली की तपासणीलाही दिशा मिळते. रबरी नळ्या व कॉम्प्रेसरचे सील यांतून वर्षानुवर्षे अत्यल्प शीतक निसटतो हे खरे. परंतु दर उन्हाळ्यात 'गॅस भरावा' लागत असेल तर ती देखभाल नसून न शोधलेली गळती आहे.

दुसरा गैरसमज दाबमापकाचा आहे. इंजिन बंद असताना गेज लावून 'दाब आहे, म्हणजे गॅस पुरेसा आहे' असे म्हटले जाते. वस्तुतः बंद नळीत शीतकाचा द्रव व वाफ दोन्ही असेपर्यंत दाब केवळ तापमानावर ठरतो, प्रमाणावर नाही. ३० अंशांना आर-१३४एचा गेजवरील दाब सुमारे ९७ पीएसआय असतो, मग नळीत २०० ग्रॅम असो की ५०० ग्रॅम. घरातील स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये निम्मा गॅस उरला तरी शेगडीची ज्योत तशीच राहते, हे उदाहरण वर्गात देता येईल. म्हणून शीतकाचे प्रमाण वजनानेच ठरवावे लागते. किती ग्रॅम हवा हे बहुधा बॉनेटखालील पट्टीवर छापलेले असते.

लक्षणावरून कारणाकडे

चालकाला नुसते 'काय बिघडले?' असे विचारण्याऐवजी 'केव्हा बिघडते?' असे विचारल्यास अधिक उपयुक्त माहिती मिळते.

(१) गाडी पळताना थंड, थांबल्यावर गरम : धावताना कंडेन्सरवर आपोआप वारा येतो, थांबल्यावर तो पंख्याने द्यावा लागतो. पंखा न फिरणे किंवा मंद फिरणे, कंडेन्सर धुळीने बुजणे ही येथील प्रमुख कारणे. काही पिकअपमध्ये मुख्य पंखा इंजिनवरच चालतो. त्याचे कपलिंग ढिले पडले तर पंखा फिरताना दिसतो, पण वारा पुरेसा ओढत नाही. एक सोपी चाचणी आहे. पंख्याचा व विजेच्या जोडण्यांचा भाग टाळून कंडेन्सरवर बाहेरून साध्या पाण्याचा हलका फवारा द्यावा. दोन-तीन मिनिटांत थंडावा सुधारला तर दोष उष्णता बाहेर टाकण्याच्या बाजूस आहे. शीतक प्रमाणापेक्षा जास्त भरलेला असेल तरीही असाच फरक दिसतो, हे लक्षात ठेवावे.

(२) आरंभी उत्तम थंड, तासाभराने वारा कमी, थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक : कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असण्याची ही खूण आहे. बर्फाने हवेची वाट अडते. केबिन फिल्टर बुजणे, ब्लोअर मंद होणे किंवा कॉइलचे तापमान पाहून कॉम्प्रेसर बंद करणारा सेन्सर निकामी होणे ही त्याची कारणे होत. दमट हवेत बर्फ लवकर धरतो.

(३) वारा तसाच, पण थंडावा मधूनच जातो व येतो : शीतकात ओलावा शिरला असेल तर एक्स्पान्शन वाल्व्हच्या छिद्रात बर्फाचा कण धरून वाट बंद होते. तो वितळला की थंडावा परततो. यावर उपाय ड्रायर बदलणे व व्हॅक्यूम नीट करणे हा आहे.

(४) इंजिन तापल्यावर कॉम्प्रेसर सुटतो, गार झाल्यावर धरतो : क्लचच्या चुंबकाची तार तापल्यावर ओढ कमी होते. क्लचमधील फट झिजेने वाढली असेल तर चुंबक ती पार करू शकत नाही. सुटलेल्या स्थितीत क्लचला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात की नाही ते पाहावे. मिळत असतील तर दोष क्लचमध्ये, नसतील तर रिले, फ्यूज, दाबाचा स्विच किंवा वायरिंगमध्ये. काही नव्या गाड्यांत क्लच नसलेला, बदलत्या क्षमतेचा कॉम्प्रेसर असतो. त्याला ही चाचणी लागू नाही.

(५) कॉम्प्रेसर काही सेकंदांनी सारखा लागतो-सुटतो : शीतक कमी झाल्याने दाबाचा स्विच वारंवार यंत्रणा तोडत असतो. येथे गळतीचा शोध आवश्यक ठरतो.

(६) घाट चढताना थंडावा कमी : चोर्ला घाटात भरलेली गाडी चढवताना ही तक्रार हमखास ऐकू येते. अनेक वाहनांत पूर्ण जोर दिल्यावर किंवा इंजिन फार तापल्यावर संगणक स्वतःच कॉम्प्रेसर सोडतो. ती योजना आहे, दोष नव्हे. मात्र चढावर पट्टा किंचाळत असेल तर तो घसरत आहे असे समजावे.

(७) बॉनेटखालची जाड नळी गार, केबिनमधील हवा कोमट : येथे थंडावा तयार होतो, पण पोहोचत नाही. हीटरकडे गरम पाणी सोडणारा वाल्व्ह गळतो किंवा गरम-गार हवा मिसळणारी झडप अडकलेली असते. बाहेरची हवा घेण्याचा दांडा उघडा राहिला असेल तरीही असेच घडते. तो पाहण्यास एक पैसाही लागत नाही.

तपासणीचा क्रम

स्वस्त व न उघडता होणारी तपासणी आधी, महाग व उघडून करावयाची नंतर, हे सूत्र पाळावे. प्रथम दांडे, काचा, फिल्टर व ब्लोअर. नंतर पट्टा, पंखा व कंडेन्सरची स्वच्छता. त्यानंतर क्लच व वीजजोडणी. आणि शेवटी गेज. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो. गेज व गॅस आधी, बाकी सर्व नंतर.

थंडावा हातावर न जोखता थर्मामीटरने मोजावा. सावलीत, खिडक्या बंद, आतील हवा फिरती ठेवून, ब्लोअर मध्यम गतीवर, इंजिनचे फेरे सुमारे १५०० असताना दहा मिनिटांनी जाळीतून येणाऱ्या हवेचे तापमान नोंदवावे. बाहेरच्या हवेपेक्षा ते १५ ते २० अंशांनी कमी असल्यास यंत्रणा साधारणपणे ठीक समजावी. फार दमट दिवशी हा फरक थोडा कमी भरतो.

गेज लावल्यावर दोन्ही बाजू एकत्र वाचाव्यात. सुस्थितीतील यंत्रणेत कमी दाबाची बाजू साधारण २५ ते ४५ पीएसआय व गोव्याच्या उन्हाळ्यात जास्त दाबाची बाजू १७५ ते २५० पीएसआय असते. दोन्ही दाब कमी असतील तर शीतक कमी. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सर बुजलेला, पंखा निकामी किंवा शीतक जास्त. कमी बाजू जास्त व जास्त बाजू कमी असेल तर कॉम्प्रेसर दुबळा. कमी बाजू शून्याकडे झुकत असेल तर एक्स्पान्शन वाल्व्ह किंवा ड्रायर तुंबलेला. दोन्ही दाब जास्त दिसताच गॅस काढण्याची घाई करू नये. आधी कंडेन्सर धुवावा, पंखा पाहावा व पुन्हा वाचन घ्यावे.

गळतीचा शोध व शीतक भरण्याची पद्धत

शीतकाबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते. त्यामुळे जेथे शीतक निसटतो तेथे तेलाचा ओलसर डाग उमटतो. डिचोलीच्या धुळीचा येथे एक उपयोगही होतो. तेलावर तांबडी धूळ चिकटून काळपट डाग पडतो आणि गळतीची जागा नुसत्या डोळ्यांना दिसते. म्हणून इंजिन धुण्यापूर्वी जोडण्या नीट पाहाव्यात. धुतल्यावर हा पुरावा नाहीसा होतो. त्यानंतर साबणाचे पाणी, इलेक्ट्रॉनिक शोधक किंवा अतिनील प्रकाशात चमकणारे रंगद्रव्य वापरता येते. यंत्रणा रिकामी असल्यास कोरड्या नायट्रोजनचा दाब द्यावा. ऑक्सिजन कधीही वापरू नये, तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो.

गळती बुजवल्यावर व्हॅक्यूम करणे ही पायरी वगळता येत नाही. ३० अंशांना पाणी उकळण्यासाठी दाब सुमारे ३२ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत उतरावा लागतो. वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर असतो, यावरून किती खोल व्हॅक्यूम हवा याची कल्पना येईल. पाच-दहा मिनिटांचा उपचार पावसाळी हवेत अपुरा पडतो. निदान अर्धा ते पाऊण तास पंप चालवून, तो बंद केल्यावर काटा मागे येतो का ते पाहावे. त्यानंतर शीतक वजन करून भरावा.

द्रवरूप शीतक डोळ्यात किंवा त्वचेवर उडाल्यास हिमदंश होतो, म्हणून चष्मा व हातमोजे आवश्यक आहेत. उघड्या ज्योतीजवळ त्याचे विषारी वायू बनतात. स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणे हे केबिनमध्ये आगीला जागा करून देण्यासारखे आहे.

शीतक हवेत सोडून देणे हीदेखील साधी गोष्ट नाही. आर-१३४एची हवामान तापवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट मानली जाते. म्हणजे ५०० ग्रॅम शीतक हवेत सोडणे हे सुमारे ७१५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. तेवढा वायू बाहेर पडण्यास साधारण २६५ लिटर डिझेल जाळावे लागेल. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार अशा शीतकांचा वापर २०२८ मध्ये गोठवून २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करावयाचा आहे. शीतक परत गोळा करणारे यंत्र वापरण्याची सवय आजच्या विद्यार्थ्याला आजच लावली पाहिजे.

वर्गातील उपयोग

अध्यापकांना एक काल्पनिक प्रसंग वर्गापुढे ठेवता येईल. समजा, साखळीहून पत्रादेवीपर्यंत माल नेणाऱ्या एका चालकाची तक्रार आहे की एसी सकाळी चालतो, दुपारी माल उतरवताना बंद पडल्यासारखा होतो. त्याने दोन उन्हाळे गॅस भरून घेतला आहे. विद्यार्थ्यांनी आधी प्रश्न लिहावेत, नंतर संभाव्य कारणे, नंतर प्रत्येक कारण खोटे ठरवू शकेल अशी एक चाचणी. येथे दोष एक नसून दोन असू शकतात. बुजलेल्या कंडेन्सरमुळे दाब वाढला असेल आणि वाढलेल्या दाबामुळे एखादा जुना सील गळू लागला असेल. नुसता गॅस भरल्याने दुसऱ्या दोषावर तात्पुरते पांघरूण पडते, पहिला तसाच राहतो.

एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदलानंतर तापमान नोंदवावे, हा नियम काटेकोर पाळावा. पंखा, ड्रायर व वाल्व्ह एकदम बदलले तर गाडी दुरुस्त होईल, पण विद्यार्थी काहीच शिकणार नाही आणि मालकाला तिन्हींचे पैसे द्यावे लागतील. नोंदवहीत चालकाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, कोकणी असोत वा मराठी. 'वारें येता पूण थंड न्हय' आणि 'वारेंच येना' या दोन तक्रारींत कूलिंग चक्र व ब्लोअर एवढे अंतर आहे. 'दुरुस्ती' आणि 'कारागीर' हे दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आले. त्यांतील 'दुरुस्त' म्हणजे बरोबर, योग्य. बरोबर काय ते ठरवल्याखेरीज दुरुस्ती होत नाही, हा अर्थ शब्दातच आहे.

समारोप

पिकअपच्या एसीचा अपुरा किंवा अनियमित थंडावा हा एक दोष नसून अनेक दोषांचे समान लक्षण आहे. पेडण्याचा खारा वारा, डिचोलीची तांबडी धूळ व दोन्हीकडील दमट हवा यांमुळे काही कारणे येथे अधिक संभवतात. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने, कमी दाबाने कंडेन्सर धुणे, केबिन फिल्टर वेळच्या वेळी बदलणे आणि पावसाळ्यातही आठवड्यातून काही मिनिटे एसी चालवून सील तेलाने ओले ठेवणे एवढ्या काळजीने बरेच बिघाड टळतात. पावसाळ्यात समोरच्या काचेवरील धुके घालवण्यासही एसीच लागतो, म्हणजे तो सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

दर उन्हाळ्यात गॅसवर होणारा खर्च छोट्या वाहतूकदाराच्या दृष्टीने लहान नसतो. तो वाचवणारा कारागीर घडवावयाचा असेल तर त्याला 'केव्हा?', 'कुठून?' आणि 'कशावरून?' हे तीन प्रश्न विचारण्याची सवय वर्गातच लावली पाहिजे. गेज त्यानंतर हाती द्यावा.